हात दाखवा

गेल्या जुलैतली गोष्ट, म्हणजे गोष्ट म्हणावं एवढंपण त्यात काय नाही, चार सेकंदांचा मामला आहे. सकाळी साडेसहाला घरातनं निघालो, फुलेवाडी सोडली, बालिंग्याच्या पुलावर खिडकीतनं भोगावती बघितली, तांबडी, फुगलेली, काठाच्या झाडांच्या बुंध्यात शिरलेली, आणि गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. डॅशबोर्डवर कॅमेरा लावलेला. आज एकच शॉट घ्यायचा असं ठरवूनच आलो होतो, कुठं तोडायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसती काच, वायपर, पाऊस आणि रस्ता. असले व्हिडिओ लोक रात्री झोपताना लावतात म्हणे. मुंबईत बाराव्या मजल्यावर एसी लावून पडलेल्या माणसाला आमच्या पावसाचा आवाज लागतो, लागू दे बापडा. कळे मागं पडलं, ऊस दोन्ही बाजूनं रस्त्यावर वाकलेला, शॉट असा काय जमून आला होता की मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. आणि एका वळणावर तो दिसला. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, एका हातात दुधाची किटली, दुसरा हात वर. साठीच्या पुढचा असंल. मी पाय ब्रेकवर नेला, कॅमेऱ्याचा लाल दिवा बघितला, आणि पाय परत उचलला.

दिसलाच नाही असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दिसला होता. येताना घेऊया म्हणलं मनात, जसं काय तो दिवसभर तिथंच उभा राहणार होता. पुढं मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर आलेलं, दोन टेम्पो आणि एक एस्टी अलीकडंच थांबलेली, पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहून सेल्फी काढायलेली. मीपण गाडी फिरवली. परत त्या वळणावर आलो तर तिथं कुणी नाही, रस्त्याकडेला नुसतं पाणी वाहतंय. मला खरंतर हायसं वाटलं. मग रात्री एडिटिंगला बसलो. एकोणीस मिनिटं बारा सेकंदाला तो काचेच्या कोपऱ्यात उगवतो, आणि सोळाव्या सेकंदाला कडेनं निघून जातो. मध्ये वायपर तीनदा त्याच्या अंगावरनं फिरतो. व्हिडिओला नाव दिलेलं 'विनाकट ३४ मिनिटं', त्यामुळं ते चार सेकंद उडवायची पण सोय नाही, उडवले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं हा भाग वेगळा. नाही उडवले. तसाच टाकला. चांगला चालला. एकानं खाली विचारलं, वायपर कुठल्या कंपनीचे आहेत दादा, अजिबात आवाज करत नाहीत.

त्या माणसाबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

आणि माझ्या ब्लॉगच्या माथ्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, 'घाई नाही. वाटंल तिथं थांबायचं.'

हे वाक्य मी हिंजवडीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये टिश्यू पेपरवर लिहिलं होतं. ११ वर्षं त्या एका कंपनीत काढली. त्याचं रडगाणं गाणार नाही, पगार वेळेवर व्हायचा, माणसं वाईट नव्हती, कॉफी फुकट होती. पण रोज सकाळी स्टँडअपमध्ये काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, हे तीन प्रश्न, आणि ११ वर्षांत एकदाही माझ्याकडं चौथं काही सांगायला नव्हतं. नोकरी सोडायचं बीज कधी पडलं असं कुणी विचारलं की मी हिमालयाबिमालयाचं काहीतरी सांगतो, ते ऐकायला बरं वाटतं. खरं तर ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये पडलं. कोल्हापुरात पाणी वाढत होतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी म्हणजे आमच्याकडं क्रिकेटच्या स्कोअरसारखी, ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे पोराटोरांना पाठ. मी कॉलवर म्यूट करून फोनमध्ये पातळी बघत बसलेलो, पन्नासच्या वर गेली तेव्हा माझी स्क्रीन शेअर चालू होती. घरी लाइट नाही, आण्णांचा फोन बंद. रजा मागितली तर वरनं उत्तर आलं, जा की, लॅपटॉप घेऊन जा. आणि जाणार तरी कुठनं, शिरोलीला हायवे पाण्याखाली, ट्रकांच्या रांगा लागलेल्या. कितीतरी दिवस कोल्हापूरला जायला रस्ताच नव्हता. पुण्यात बसून, ज्या रस्त्यावरनं महिन्यातनं दोनदा डोळे झाकून जायचो तो रस्ता, मला पहिल्यांदा रस्ता म्हणून दिसला. आपल्याला घरी नेणारी एक वस्तू, जी बंद पण होऊ शकते.

सोडली त्यानंतर तीन वर्षांनी. बीज पडलं म्हणून लगेच उगवत नाही, ईएमआय असतात. ९० दिवसांचा नोटीस पीरियड, केक, खोट्या सह्यांसारखे दिसणारे खरे शुभेच्छा मेसेज. शेवटच्या दिवशी गेटवर सिक्युरिटीनं माझं कार्ड काढून घेतलं आणि मग लक्षात आलं की बाहेर पडायला पण कार्ड टेकवावं लागतं. त्यानं स्वतःचं कार्ड टेकवून मला बाहेर सोडलं. असा मी स्वतंत्र झालो, दुसऱ्याच्या कार्डावर.

कोल्हापुरात परत आलो. बायकोनं इथल्या शाळेत नोकरी धरली, आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या भटकंतीचं पेट्रोल तिच्या पगारातनं जळतं, हे ट्रॅव्हल ब्लॉगर लोक फारसं सांगत नाहीत म्हणून सांगितलं. गल्लीतले लोक विचारायचे, सध्या काय? मी म्हणायचो, ब्लॉगिंग. "व्हय काय! लई भारी. पण कामाला कुठं?" यात खवचटपणा अजिबात नसतो, खरंच काळजीनं विचारतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. जाहिराती कशा लागतात, १०० डॉलर साठल्याशिवाय गुगल पैसे सोडत नाही, त्याआधी १० डॉलरला घरचा पत्ता तपासायला पोस्टानं पिन येतो. तो पिन आला त्या दिवशी मी भुईबावड्याच्या बाजूला होतो. पोस्टमन दारात पत्र देऊन गेला, आण्णांनी ते फोडलं नाही, देवाच्या फोटोमागं ठेवलं, आणि मला फोन केला, "तुला कॉल लेटर आलंय बघ." पहिले १०० डॉलर व्हायला मला १४ महिने लागले. तेवढ्या पैशात हिंजवडीत आमची टीम एका दुपारी बार्बेक्यूला जाऊन यायची.

आता पैशाचं सोडा, मला वाटलेलं तेवढं ते बोचलं नाही. बोचलं दुसरंच. पहिल्या वर्षी पन्हाळा झाला, जोतिबा झाला, आंबा घाट, दाजीपूर, राधानगरी, भोगावतीवरचं धरण आणि त्याचे आपोआप उघडणारे दरवाजे, पावसाळ्यात ते उघडतात त्या दिवशी निम्मं कोल्हापूर तिकडं असतं. सगळं सावकाश. मग आकडे बघायला लागलो. कुठली पोस्ट चालली, लोक किती सेकंदाला सोडून जातात, थंबनेलमध्ये माझा चेहरा असला की बरं चालतं की नुसता घाट. बायको एकदा म्हणाली, "आधी तू बॉसचा फोन आला की ताटावरनं उठायचास. आता ऊन तिरपं झालं की उठतोस." मी म्हणलं ते वेगळं आहे. ती म्हणाली, "आमटी तेवढीच गार होती." यावर काय बोलणार.

मागच्या हिवाळ्यात एका गुऱ्हाळावर गेलो होतो, कागलच्या बाजूला. गुऱ्हाळ ज्यानं बघितलंय त्याला काय सांगायचं, आधी वास येतो, मग धूर दिसतो, मग गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं घालून घालून जाळ धरलेला, काहिलीत रस उसळतोय, वर आलेली मळी झाऱ्यानं काढायचं काम चालू, गुळव्या कडेला उभा, तोंडात तंबाखू, नजर काहिलीवर. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी करून बघायची, आणि मग एका क्षणी तो हात वर करतो. त्या हाताबरोबर चार गडी काहिल उचलायला धावतात, पाक वाफ्यात ओतला जातो, तो आवाज, ती वाफ, सगळा खेळ मिनिटभराचा. माझ्या कॅमेऱ्याचा फोकस चुकला. मी आपलं सवयीनं म्हणलं, मामा, पुन्हा एकदा हात वर करता काय, नुसतं दाखवायला? गुळव्या माझ्याकडं बघून हसला, थुंकला आणि म्हणाला, "पाक थांबतोय व्हय तुझ्यासाठी?" मग पुढच्या काहिलीला चार-एक तास लागणार होते. मी खरा सावकाश जाणारा असतो तर चार तास बसलो असतो, ताटलीतनं काकवी चाटत. मला संध्याकाळच्या उजेडात रंकाळा हवा होता. निघालो.

खिद्रापूरलापण तेच. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब, वर गोल उघडं आभाळ आणि बरोबर त्याच्या खाली गोल शिळा. मी पाच वेळा गेलोय आणि पाचही वेळा त्या गोलातनं खाली पडणाऱ्या उजेडाचा फोटो काढला. तिथं कधी नुसता पाठ टेकून बसलोय असं आठवत नाही. आमच्या आईला एकदा घेऊन गेलो, ती त्या मंडपाच्या पायरीवर तासभर पदर डोक्यावर घेऊन बसून राहिली, आणि गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "गार होतं रे." माझ्या पोस्टचं नाव होतं 'खिद्रापूरला जाण्याआधी माहीत असाव्यात अशा १० गोष्टी'. त्यात गार असतं हे नव्हतं.

आता आण्णांचं सांगायला पाहिजे, खरंतर पहिल्यांदाच सांगायला पाहिजे होतं.

आण्णा एस्टीत ड्रायव्हर. ३१ वर्षं. कोल्हापुरातनं कोकणात उतरणारा एक घाट त्यांच्या स्टिअरिंगखालनं गेला नाही असं नाही, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली. मी लहान असताना ते वस्तीच्या गाडीवरनं सकाळी यायचे तेव्हा त्यांच्या खाकी शर्टाला डिझेल, घाम आणि कधी कधी फणसाचा वास असायचा. पाठीला कायमची रग. मी हौसेनं नोकरी सोडून रस्त्यावर जायलोय हे त्यांना कसं समजवायचं हे मला आजपण कळलेलं नाही, कारण त्यांनी सगळं आयुष्य घासलं ते मी रस्त्यावरनं उठून खुर्चीत बसावं म्हणून. सोडली म्हणून सांगितलं तेव्हा ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. दोन-तीन शेंगा फोडल्या, मग म्हणाले, "पाठ सांभाळ." बस. ईपीएसच्या पेन्शनीत काय येतं हे त्यांना माहीत, त्यामुळं माझ्या पेन्शनीचं त्यांनी विचारलंच नाही. एकदा मी त्यांना म्हणलं, आण्णा, मालवणला इतक्यांदा गेलासा, समुद्र काय दिसत असंल पहाटे. तर म्हणाले, दोनदा बघितला. ३१ वर्षांत दोनदा. स्टँड कुठं, समुद्र कुठं, आणि गाडी फिरवायची वेळ ठरलेली. मी त्यावर पोस्ट लिहिली, लोकांना फार आवडली, कितीजण रडले म्हणे. आण्णांना वाचून दाखवली तर म्हणाले, "यात रडण्यासारखं काय हाय? गाडीत पन्नास माणसं घरी जायची होती."

तर त्या व्हिडिओचं. दोन-तीन महिने मी तो कुणालाच दाखवला नाही, म्हणजे जगानं बघितला, घरात नाही. आण्णांना तर नाहीच. हात दाखवा गाडी थांबवा, हे एस्टीचं वाक्य त्यांच्यासाठी घोषणाबिषणा नव्हतं, हात दिसला की त्यांचा पाय आपोआप जायचा, घाटातसुद्धा पुढचं सपाट बघून थांबायचे, टाइम गेला तरी. दसऱ्याच्या आधी एका रात्री मी लॅपटॉपवर काहीतरी करत होतो, ते मागं येऊन उभे राहिले आणि नेमकं तेच चालू. म्हणाले, हा कळ्याचा रस्ता. मी म्हणलं, व्हय. आणि तो आला. चार सेकंद. गेला.

"थांबलास न्हाईस?"

मी सगळं सांगितलं, कॅमेरा, विनाकट, सगळं. वाटलं आता बोलतील. त्यांनी चष्मा आणला आणि म्हणाले, परत लाव. परत लावलं. परत. मग थांबवून थांबवून. पाच-सहा वेळा बघून झाल्यावर म्हणाले, "ह्यो लिफ्टचा हात न्हाई." म्हणजे? तर म्हणे, गाडीत घ्या म्हणणारा माणूस हात आडवा करतो, तळवा खाली, रस्त्याकडं. त्याचा पाय पण अर्धा पुढं आलेला असतो, पिशवी उचललेली असते. "ह्येनं तळवा तुझ्याकडं केलाय. किटली खाली ठेवल्या बघ. पुढं पाणी आलंय, जाऊ नको, म्हणायलाय त्यो." आणि खरंच मांडुकलीला पाणी होतं. मी स्क्रीनच्या पार जवळ गेलो. किटली खाली होती की हातात, वायपर नेमका तिथंच. तळवा दिसतो, पण दिसतो म्हणावं तर पावसाचं पाणी काचेवरनं असं ओघळलेलं की मला हवा तो हात मी त्यात बघू शकतो. तीन महिने मला त्यात एक भिजलेला म्हातारा दिसत होता ज्याला मी घेतलं नाही, आणि आता आण्णा म्हणत होते की त्याला माझ्याकडनं काही नकोच होतं, उलट तोच मला काहीतरी द्यायला उभा होता. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येईना. पहिल्यात मी निर्दयी होतो. दुसऱ्यात येडा.

"कशावरनं पण?" मी म्हणलं.

"३१ वर्षं हातच बघितल्यात लेका."

दिवाळी झाल्यावर आण्णा स्वतःच म्हणाले, चल जाऊन येऊ बावड्याला. गाडीत पुढं बसले, बेल्ट लावला आणि फुलेवाडीपासनंच पायानं नसलेला ब्रेक दाबायला लागले. ऊसतोड सुरू झालेली, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्याच्या मागं आमची सेकंडहँड वॅगनआर. त्या दिवशी आम्ही जेवढ्यांदा थांबलो तेवढ्यांदा मी मागच्या दोन वर्षांत मिळून थांबलो नसेन. दप्तरवाल्या दोन पोरी बसल्या. मग एक म्हातारी, तिच्याबरोबर तांदळाचं गठुडं आणि एक कोंबडी, पाय बांधलेली, जी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेवर बसली. आण्णा मागं वळून म्हणाले, "बसा म्हातारे, एस्टीच हाय." उतरताना तिनं कनवटीला हात घालून विसाची नोट काढली. मी नको नको म्हणतोय तोवर आण्णांनी घेतली पण. म्हणाले, फुकट बसलं की माणूस पुढच्या वेळी हात करत न्हाई. ते खरं असंल की नाही माहीत नाही. मला त्यात तथ्य वाटत नाही, पण नोट अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे.

ते वळण आलं. मी दाखवलं. आण्णा म्हणाले, घे बाजूला. आता तिथं पाऊस नाही, पाणी नाही, ऊस तोडून मोकळं झालेलं रान आणि पाचटाचा वास. कुणाला तरी विचारावं, पावसाळ्यात किटली घेऊन इथं कोण उभं असतं म्हणून, असं माझ्या मनात होतं, पण विचारायला माणूसच नव्हतं. आण्णा उतरले. मला म्हणाले, गाडी मागं घे, जरा लांब, आणि मग बघ. मी रिव्हर्समध्ये शंभरेक फूट मागं गेलो. ते त्या जागेवर जाऊन उभे राहिले, अंगात पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, थोडे वाकलेले. त्यांनी एक हात केला. थांबले. मग दुसरा केला. पहिला लिफ्टचा असणार आणि दुसरा पाण्याचा, किंवा उलटं.

काच स्वच्छ होती, वायपर बंद होता. मला दोन्ही हात सारखेच दिसले.

मी गाडी त्यांच्यापर्यंत नेली आणि थांबवली. आण्णा आत बसले, दार जोरात ओढून घेतलं, बाहेरनं पत्र्यावर तळव्यानं दोनदा थापटलं, डबल बेल, आणि म्हणाले, "चला."